बोरतलावाची मरळ

जीप नाक्यावर थांबली आणि भोजराजच्या पायाखालची थैली हलली.

त्याने लगेच जोरात खोकून घेतलं. पुढच्या सीटवर बसलेल्या, तपासणी खात्याच्या खुशबू मॅडमनी मागे वळून पाहिलं.

"काका, दवाखान्यात दाखवलं काय खोकल्याचं?"

"जुनाच हाये जी मॅडम," भोजराज म्हणाला आणि थैलीवर दुसराही पाय ठेवला.

थैलीत फेकजाळ्याखाली, ओल्या तरटात गुंडाळलेल्या तीन जिवंत मरळी होत्या. मरळीची जातच चिवट. अंगाला ओल असली की पाण्याबाहेर सकाळची संध्याकाळपर्यंत जगते, आणि मधूनमधून शेपटी हलवून आपण जिवंत आहोत हेही सांगते. नाक्यावरच्या शिपायाने जाळं वरवर पाहिलं, भोजराजच्या छातीवरचा बिल्ला पाहिला आणि बांबू वर केला. भोजराजला तो ओळखत होता. हद्दीच्या आत जायची परवानगी असलेला कवडझरी गावचा हा एकच माणूस होता.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली भोजराजचा चंदन जन्मला, आणि चंदन दुसरीत असताना अणुभट्टी फुटली. कवडझरीवाले तिला नुसतं 'भट्टी' म्हणत. भट्टी गावच्या तलावापासून दिसायचीही नाही. त्या दिवशी ट्रक आले, भोंग्यावर सांगितलं की चार दिवसांसाठी चला. लोक चुलीवरचं उतरवून, दाराला नुसत्या कड्या घालून निघाले. कोंबड्यांना चार दिवस पुरतील एवढे दाणे अंगणात टाकले. त्यानंतर भोजराजशिवाय गाव कुणी पाहिलं नाही. लाखांदूरकडच्या बाजूला टिनाच्या छपरांची वसाहत उभी राहिली. तिला धड नावही पडलं नाही. एसटीचा कंडक्टर ओरडायचा, "चला, पुनर्वसनवाले उतरा."

भोजराज वलथरे ढिवराचा. बापजाद्यांपासून कवडझरीच्या तलावात डोंगा चालवणारा. तपासणीवाल्यांना तलावातले मासे पाहिजेत आणि ते काढायला माणूस पाहिजे, तेव्हा हा पुढे झाला. रोजी मिळत होती, पण रोजीसाठी गेला असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्याला तलाव पाहायला मिळत होता. दर खेपेला तो मासे काढून द्यायचा, डबा सील व्हायचा, दूर कुठल्याशा प्रयोगशाळेत जायचा आणि उत्तर यायचं, नापास. इतकी वर्षं नापास होणारा विद्यार्थी शाळेने केव्हाच काढून टाकला असता. पण दिवाळीनंतरच्या तपासणीत कवडझरीचा तलाव पास झाला. काठावर का होईना, पास. मॅडमनीच सांगितलं होतं की लागोपाठ दोन वेळा पास झाला तर तलाव उघडणार, मग वरच्या आळीतली घरं उघडणार. आणि आता नापास झाला, तर हा खर्च बंद करून हद्द कायमची पक्की करायची, असं वर ठरलं होतं.

नापासाची सवय झालेल्या माणसाला पासाची भीती वाटते. भोजराजची झोप उडाली. तलावात जुनी, दांडगी मरळ असते, तिच्या अंगात भट्टीचं विष जास्त निघतं; कोवळी असली की कमी. जाळ्यात कोणती येईल हे काय त्याच्या हातात होतं? हातात एकच गोष्ट होती. वसाहतीजवळचा बोरतलाव हद्दीबाहेरचा, चांगला. सुरुवातीला दोनचारदा त्याची तपासणी झाली होती, ठीक निघाला होता, मग कुणी फिरकलं नाही. सारी वसाहत त्याचेच मासे खाऊन जगत होती. तिथल्या मरळी डब्यात घातल्या तर कोण नापास करणार?

म्हणून ती थैली.

तलावाच्या पाळीवर जीप थांबली. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आत थांबायची मुदत ठरलेली होती.

"काका, तीन मरळी. आटपा लवकर."

पाळीवरून कवडझरी दिसत होतं. घरांवरची कवेलू कोसळली होती, गल्लीत बेशरमची झाडी माजली होती. भोजराजच्या घराच्या जागी एक मोहाचं झाड उभं होतं. आधी नव्हतं ते. पक्ष्याने टाकलेल्या बीला कुणी उपटणारं नव्हतं, एवढंच. तो तिकडे फार वेळ पाहत नसे. त्याने डोंगा पाण्यात ढकलला, तलावाला हात जोडले आणि कमळवेलीच्या आड गेला.

जाळं मात्र त्याने खरोखरच टाकलं. टाकायची गरज नव्हती, पण तलावात येऊन जाळं न टाकता जाणं त्याला जमलं नसतं. ओढताना हाताला जोर लागला. दोन मरळी आल्या, मध्यम, काळ्याभोर, पाठीवर लोखंडासारखी चमक. त्याने त्या हातात धरून पाहिल्या. त्याच्या आजाने धरल्या असतील त्यांच्याच वंशातल्या.

"जा बापा," तो हळूच म्हणाला. "घरच्या लोकाइले घेऊन येतो मंग भेटू."

दोन्ही पाण्यात सोडल्या. तरटातल्या तीन बाहेर काढल्या, तलावाच्या पाण्यात बुचकळल्या आणि डब्यात घातल्या. मॅडमनी डब्यावर कागद चिकटवला, सही केली, भोजराजचा अंगठा घेतला. त्याला सही येत होती, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"काय वाटते काका? होईन पास?"

"होईन जी."

"एवढी खात्री?"

"तलावानं आजपरेंत आमचं वाईट नाई केलं मॅडम," भोजराज म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्याला ते सहज बोलता आलं.

घरी आल्यावर रंभाबाई दारातच उभी होती. रंभाबाई म्हणजे त्याची बायको. हिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं वसाहतीत म्हणत.

"हंड्यातल्या तीन मरळी कोठी गेल्या?"

"बोक्यानं नेल्या असतीन."

"तीनही?"

"मोठा बोका होता."

रंभाबाईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "ते रेणूसाठी ठेवल्या होत्या म्या. आता उद्या बोरतलावावर जा अन् दुसऱ्या आणा. पोरीले सातवा लागला. ताकद पाह्यजे."

रेणू त्यांची सून. चंदन तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. रेणूची पहिली दोन मुलं पोटातच गेली होती. लोक काय बोलायचे ते लोक बोललेच. भट्टीच्या गावचं रक्त, म्हणे. पुनर्वसनातल्या पोरांना बायका मिळत नव्हत्या त्या याच बोलण्यापायी. रेणू बाहेरची होती, आंधळगावची. तिच्या बापाने हे सारं ऐकून न ऐकल्यासारखं करून पोरगी दिली होती. दुसऱ्या खेपेनंतर तो येऊन अंगणात बसला आणि चहा न घेता उठून गेला. या खेपेला मात्र सातवा लागला होता. रंभाबाईने कंबर कसली होती. बाळंतिणीला आणि पोटुशीला मरळीच्या रश्श्यासारखी ताकद कशात नाही, हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. दर दोन दिवसांनी मरळ शिजत होती. रेणू आधी नाक मुरडायची, पण आता मागून घेऊ लागली होती. तिच्या गालावर लाली आली होती. भोजराज तिच्याकडे पाहून मनातल्या मनात हिशेब करायचा की बाळ रांगायला लागेपर्यंत आपण कवडझरीत असू.

संध्याकाळी परसराम गुरुजी आले. कवडझरीच्या शाळेत त्यांनी भोजराजच्या चंदनला अक्षरं शिकवली होती. आता निवृत्त होते आणि वापसी समितीचे अध्यक्ष होते. समितीत सुरुवातीला पुष्कळ लोक होते. काही मेले, काही कंटाळले. गुरुजींनी दोन्ही केलं नाही. त्यांची वच्छलाबाई वसाहतीत आल्यावर रक्ताच्या आजाराने गेली. तिने लावलेला पिंपळ कवडझरीच्या विहारापुढे अजून उभा होता. तो किती वाढला हे गुरुजी दर खेपेला भोजराजला विचारत आणि भोजराज दर खेपेला हाताने उंची दाखवत असे.

"विहाराच्या वर गेला आता," आज त्याने सांगितलं.

"सावली पडत असन मंग," गुरुजी म्हणाले. "भोजराजभाऊ, तलाव उघडला का पहिलं कोन जाईन, याच्यावर समितीत भांडण होईन पाय. मी म्हटलं, ढिवर पहिले. पाण्याचा मान ढिवराचा."

"तुम्ही पहिले, गुरुजी. शाळा उघडा तुम्ही."

"शिकवू कोनाले? बेडकाइले?"

दोघेही हसले. रेणूने आतून चहा आणून दिला. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक विद्यार्थी तं येऊन राहिला." पदर सावरत ती लगबगीने आत गेली. भोजराजला त्या दिवशी वाटलं की आपण केलं ते बरंच केलं. त्या एका संध्याकाळपुरता तो फार सुखी माणूस होता, आणि ते सुख त्याचं त्याला कळलंही होतं. हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढे तसं काही सांगण्यासारखं नाही.

उत्तर यायला दीड महिना लागला. या दीड महिन्यात रेणूने किती मरळी खाल्ल्या, ते कुणी मोजलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा समाजमंदिरात गुरुजी आणि भोजराज दोघंच होते. मॅडमनी पंखा लावायला सांगितला. पंखा बंद पडलेला होता. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या.

"लेखी यायला वेळ आहे. तोवर लोकांत बोलू नका," त्या म्हणाल्या. "नापास झालं, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढला. "काठावर?"

"काठावर नाही. मागच्यापेक्षा कितीतरी जास्त. मला समजूनच नाही राहिलं. मी त्यांना फोन करून सांगितलं, पुन्हा करा. तीनदा केलं. तेच."

"पुन्हा एकदा मासे काढले तं?" गुरुजींनी विचारलं.

"फाईल वर गेली. आता तो तलाव बंद, तपासणी बंद. मी खूप भांडली गुरुजी. खरंच भांडली."

गुरुजींनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले. भोजराज भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती इतकी साधी होती की तिला दुसरी बाजूच नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "ते मासे... लय खराब होते काय?"

"खराब म्हणजे काका, असली मरळ एखाद्यानं रोज खाल्ली ना..." त्या थांबल्या. "जाऊ द्या. कोणी खात नाही, तेवढं बरं आहे."

भोजराज उठला. पायताणं घालायचीही शुद्ध राहिली नाही, तसाच घरी आला.

रेणू स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढे ताटात भात, भातावर लाल रस्सा, मरळीचा मधला तुकडा. घास तोंडाशी नेत होती. भोजराजने वाकून ताट उचललं.

"मामाजी?"

"मासा शिळा हाये. वास येते."

"नाई जी, ताजा हाये."

रंभाबाई चुलीपाशी होती. "काहून पोरीच्या पुढचं ताट उचलता? सकाळीच तं आणला तुम्ही, तडफडत होता."

तो परसात गेला, शेवग्याखाली खड्डा केला आणि ताटासकट सगळं त्यात ओतलं. ताट तेवढं परत काढलं. मग डेकची आणली, तीही रिकामी केली. रंभाबाई मागून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भांडायच्या तयारीने आली होती. त्याचं तोंड पाहून तिने हात खाली घेतले.

त्याने तिला सगळं सांगितलं. बोक्याचं, थैलीचं, डब्याचं. बोरतलावाच्या मरळीच नापास झाल्या, हे सांगितलं. बोरतलावात नहराचं पाणी येतं, नहर वरून येतो, भट्टीकडच्या रानातून. पावसापावसाने गाळ येत गेला असेल, असं त्याला वाटलं ते सांगितलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. भोजराजने गाव परत आणायला मासे बदलले आणि त्याच माशांनी गाव कायमचं घालवलं. ज्या दोन त्याने हाताने सोडून दिल्या त्या कदाचित पास झाल्या असत्या. हे त्याने रंभाबाईला सांगितलं नाही. ते त्याला स्वतःलाही आत्ताच सुचत होतं.

रंभाबाई पायाने खड्ड्यात माती लोटू लागली.

"माह्या हातानं खाऊ घातली म्या तिले," ती म्हणाली. "नको म्हणे तं जबरीनं."

"तुले का ठाऊक होतं."

"अन् आता कोनाले सांगू नोका." तिचा आवाज एकदम बदलला. "ऐकलं काय? बोरतलाव गेला तं साऱ्याइचं पोट गेलं. हे इथले गाववाले आपल्याले उभं नाई करणार. म्हणतीन, भट्टीवाल्याइनंच खराब केला आमचा तलाव. चंदनची नोकरी जाईन. तुमाले पोलीस नेईन. आपण नाई खाऊ, बस. रेणूले मी डाळ घालीन."

"अन् बाकीचे?"

 पलीकडच्या घरातून तेलात मासा सोडल्याचा आवाज आला. वसाहतीत त्या वेळी घरोघरी तोच आवाज असायचा. रंभाबाई राख घेऊन डेकची घासायला बसली.

सकाळी भोजराज उठला तेव्हाही ती डेकचीच घासत होती. रात्रीही घासली असेल. डेकचीचा काळा बुडखा पांढरा पडला होता. मान वर न करता ती म्हणाली, "रेणूले घेऊन जा. त्या मॅडमजवळ माणूस तपासाची मशीन हाये ना? दाखवा तिले." मग थोड्या वेळाने, "अन् काय सांगाचं ते सांगून टाका."

लाखांदूरच्या बसमध्ये रेणूने काही विचारलं नाही. तपासणीला नेतात एवढंच तिला सांगितलं होतं आणि गरोदर बाईला तपासणीचं नवल नसतं. भोजराजच्या हातात थैली होती. थैलीत पहाटे धरलेली एक मरळ होती.

कार्यालयात त्याने ती खुशबू मॅडमच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली.

"हे बोरतलावाची हाये. अन् मागच्या डब्यातल्या तीन बी बोरतलावाच्याच होत्या. म्या बदलल्या."

 मॅडमचं लग्न ठरलं होतं, हातावर मेंदी होती. ते मेंदीचे हात टेबलावर तसेच पडून राहिले. त्या रागावतील, ओरडतील, कुणाला तरी बोलावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती लोक खातात?"

"सारे."

"केव्हापासून?"

"आलो तवापासून जी."

मग त्यांची नजर दाराजवळच्या बाकावर बसलेल्या रेणूवर गेली आणि पोटावर थांबली. त्या उठल्या. रेणूचा हात धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. आत मशीन होती, लोखंडी खुर्चीसारखी. दार बंद झालं. भोजराज टेबलावरच्या मरळीजवळ बसून राहिला. तिचा जबडा मधूनच उघडत होता.

मॅडम बाहेर आल्या त्या एकट्याच.

"निघालं," त्या म्हणाल्या. "मासे पूर्ण बंद करा. बाकी तिचं हळूहळू कमी होईल."

"अन् लेकराचं?"

"ते आता नाही सांगता येत काका."

"मंग कवा सांगता येईन?"

मॅडमनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"मॅडम, म्या दोन सोडून देल्या होत्या. कवडझरीच्या. त्या पास झाल्या असत्या काय?"

"काय माहीत. झाल्याही असत्या."

"पुन्हा धरून आणतो मी. तुमच्या डोळ्यापुढं धरतो."

"आता तुम्ही धरलेल्या मासोळीवर कोण भरवसा ठेवीन, काका?" त्या हे वाईट हेतूने बोलल्या नाहीत. खरं होतं म्हणून बोलल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोरतलावाचं मी आजच लिहिते. पण ते जिल्ह्याला जाणार, तिथून वर. मग हुकूम निघणार. महिना तर कुठंच नाही गेला. तोवर मला तोंडी बंद करता येत नाही."

"मंग तोवर?"



परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. रेणू खिडकीजवळ बसली. गाडी गावाबाहेर पडून धानाच्या बांध्यांमधून धावू लागली तेव्हा ती म्हणाली, "मामाजी, काय निघालं माह्या अंगात?"

भोजराजने तिला सांगितलं. जेवढं रंभाबाईला सांगितलं तेवढं, आणि जे रंभाबाईला सांगितलं नव्हतं तेही. बायकोपेक्षा सुनेला सांगणं सोपं गेलं. का ते त्याला कळलं नाही. ती ऐकत होती आणि खिडकीच्या गजाला बोटाने खरवडत होती. आता ही रडेल, आपल्याला काहीतरी बोलेल. बोलली तर बरं होईल, असं त्याला वाटत होतं.

"आधीच्या दोघाइले पण हेच झालं असन काय?" तिने विचारलं.

"ठाऊक नाई बाई."

"तवा मी कमी खात होती. मले आवडे नाई." ती जरा थांबली. "आता लय गोड लागत होती."

 भोजराजने मान खाली घातली. तलाव गेला, गाव गेलं, त्याचं त्याला रडू आलं नव्हतं. या एका वाक्याने आलं. त्याने डोळे पंच्याने पुसले.

गाडी बोरतलावाच्या पाळीजवळ आली. दुपारचा लिलाव लागला होता. पाळीवर पन्नासेक माणसं होती, टोपल्या होत्या, तराजू होते. बायका पदर खोचून बसल्या होत्या. पोरं पाण्यात उड्या मारत होती. रोजच्यासारखंच होतं सगळं.

"थांबव बाबू गाडी," भोजराज म्हणाला.

कंडक्टर म्हणाला, "पुनर्वसन पुढं हाये ना काका."

"इथंच उतरव."

तो उतरला. रेणूला म्हणाला, "तू जा घरी. बस." पण तीही मागोमाग उतरली, एका हाताने दांडा धरून, सावकाश. गाडी निघून गेली.

दोघं पाळीच्या उतारावरून चालत आली तेव्हा त्यांना सर्वांत आधी पाहिलं ते बेबीबाईने. वसाहतीतली ही विधवा बाई मासे विकून दोन नातवंडं सांभाळत होती. तिने टोपलीतून एक मरळ वर उचलून दाखवली. चांगली हातभर होती, अजून वळवळत होती.

"हे पाय भोजराजभाऊ, रेणूसाठी बाजूले ठेवली. पैसे नोको. लेकरू झालं का साखर वाटजो."

भोजराजने ती तिच्या हातातून घेतली. काय करावं ते न सुचून तशीच दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. लोकांनी बिल्ला नसलेला, थैली नसलेला, भलत्या वेळी पाळीवर आलेला भोजराज पाहिला. तपासणीचं उत्तर यायचं आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकाने तराजू खाली ठेवला.

"काय आलं, भोजराजभाऊ? आलं काय?"

"बसा सारे," तो म्हणाला. "सांगाचं हाये."

लोक हसत हसत सरकले. पाण्यातल्या पोरांना हाका गेल्या, बाहेर या रे, कवडझरीचं सांगून राहिले. बायकांनी टोपल्या मागे लोटून जागा केली. बेबीबाईने आपल्या बुडाखालचं पोतं काढलं, झटकलं आणि रेणूला बसायला अंथरलं.